‘होल्ड ऑन’ आणि ‘दम धर’

इंग्रजीत क्रियापदाला लहानसे अव्यय जोडून मूळ शब्दांवरून सहसा न उलगडणारा नवा अर्थ साधला जातो, त्या रचनेला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. ‘होल्ड’ म्हणजे धरणे. परंतु ‘होल्ड ऑन’ म्हणजे प्रसंगानुसार क्षणभर थांबणे, संकटात टिकून राहणे किंवा हातातली वस्तू घट्ट धरून ठेवणे. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा प्रयोग परका वाटू नये, कारण त्याच्या मातृभाषेतही ‘दम धर’ म्हणजे थांब आणि ‘तग धर’ म्हणजे टिकून राहा, असे ‘धरणे’ याच क्रियापदाने सांगितले जाते. मात्र ‘होल्ड ऑन’ हा अनौपचारिक प्रयोग असल्याने कार्यालयीन पत्रात किंवा वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘प्लीज वेट’ हेच अधिक शोभते.