चांदपोल ते सूरजपोल

सरकारी बैठकीत एखाद्या योजनेचे निवेदन करावयाचे म्हटले की बहुतेक अधिकारी दोनच मार्ग जाणतात. टिपण शब्दशः वाचून दाखवायचे, नाही तर रात्रभर घोकून ते पाठ करायचे. हल्ली मजकूर पडद्यावर उमटतो. तो वाचून दाखवणे हा पहिल्याच मार्गाचा झगमगीत अवतार होय. वाचणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही. घोकणाऱ्याची अडचण निराळी. मध्येच वरिष्ठांनी प्रश्न विचारला की साखळी तुटते, आणि शेवटचा मुद्दा, बहुधा निधीच्या मागणीचा, राहूनच जातो. त्याची किंमत योजनेची वाट पाहणाऱ्यांना मोजावी लागते.

यावर एक जुना उपाय आहे. रोमन वक्ता सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ५५ मधील आपल्या वक्तृत्वविषयक ग्रंथात सिमोनिडीस या ग्रीक कवीची कथा दिली आहे. मेजवानीच्या दालनाचे छप्पर कोसळले. प्रेते ओळखू येईनात. नेमका त्या वेळी बाहेर गेल्यामुळे वाचलेल्या या कवीने कोण कोठे बसला होता हे आठवून प्रत्येकाची ओळख पटवली. कथा खरी असो वा नसो, तिच्यातले मर्म खरे आहे. मनुष्य शब्द विसरतो, जागा सहसा विसरत नाही. म्हणून परिचित वाटेवरची ठिकाणे ठरवावी आणि प्रत्येक ठिकाणी एकेक मुद्दा चित्ररूपाने ठेवावा.

मी जयपूरच्या वैशाली नगरात राहतो; परंतु या कामी मला उपयोगी पडते ते सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसवलेले जुने शहर. पश्चिमेच्या चांदपोल दरवाजापासून पूर्वेच्या सूरजपोलापर्यंत तेथे सरळ रस्ता जातो, आणि वाटेत छोटी चौपड, बडी चौपड व रामगंज चौपड ओळीने लागतात.

समजा, शहराच्या पाणीपुरवठ्यासंबंधी बोलावयाचे आहे. चांदपोलाच्या कमानीला एक कोरडी नाव उलटी टांगावी : एके काळी जयपूरला पाणी देणारा रामगढचा तलाव आटला. छोट्या चौपडीवर फुलांच्या टोपल्यांमधून बनास नदीच वाहू द्यावी : आजचा आधार त्या नदीवरील बीसलपूर धरणाचा. बड्या चौपडीलगत हवामहाल आहे. त्याच्या प्रत्येक झरोक्यातून पाण्याची धार लागली आहे. ही नळांची गळती. रामगंजला अवाढव्य मोजडी पावसाने काठोकाठ भरलेली : छपरावरचे पाणी साठवावे. सूरजपोलावर सूर्याच्या जागी रुपया उगवतो. येथे निधी मागावा.

चित्रे हास्यास्पद आहेत खरी, पण सभ्य चित्र मनात टिकत नाही. आता कोणी हवामहालापाशी अडवले, तरी उत्तर द्यावे आणि रामगंजकडे चालू लागावे. रस्ता जागच्या जागी असतो. आपले कीर्तनकारही पूर्वरंगातून आख्यानाकडे जाताना कितीही आडवाटा घेतात आणि मूळ जागी परततात. त्यांच्या हाती कागद नसतो, मनात कथेची वाट असते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सामान्य माणसांनी सहा आठवडे रोज अर्धा तास या रीतीचा सराव केला. आरंभी ७२ शब्दांपैकी सरासरी २६ च्या आसपास आठवत असत, ते साठीच्या पुढे गेले. आकडेवारी मात्र कागदावरच ठेवावी. लाखाची चूक एखाद्या चित्राने झाकली जात नाही.

आणखी एक पथ्य आहे. एकाच वाटेवर लागोपाठ दोन निवेदने मांडू नयेत. कालची गळती आजच्या विषयात झिरपते. दुसऱ्या दिवसासाठी मी जोहरी बाजार राखून ठेवला आहे, बड्या चौपडीपासून सांगानेरी दरवाजापर्यंत.