सूट ४० टक्के, पण पातं आपल्या मशीनला बसतं का?

मैत्रिणींनो, आपल्यातले काही समूह आता रॅक, कपाटं, मधपेट्या अशा लाकडी वस्तू करू लागलेत. टेबल सॉ घेतलं की थोड्याच दिवसांत मोबाईलवर जाहिरात येते, "डॅडो ब्लेड, ४० टक्के सूट, आज शेवटचा दिवस!" पैसा समूहाचा आहे, म्हणून घाई नको. आधी एवढं तपासू या.

डॅडो म्हणजे काय?
रॅकची फळी बाजूच्या फळीत बसवायला खाच पाडावी लागते. साधं पातं एका फेरीत साधारण ३ मिमी लाकूड काढतं. म्हणजे १८ मिमीच्या खाचेला सहा-सात फेऱ्या. डॅडो हा पात्यांचा संच असतो. बाहेरून दोन गोल पाती, मध्ये मोजके दात असलेली पाती आणि रुंदी जुळवायला पातळ चकत्या. त्याने पूर्ण रुंदीची खाच एकदम पडते.

पैसे देण्याआधी काय बघायचं?

१. भोक: बरेचसे डॅडो संच अमेरिकन मापाचे, म्हणजे ५/८ इंच (सुमारे १६ मिमी) भोकाचे असतात. आपल्याकडच्या अनेक मशीनचा शाफ्ट २५.४ किंवा ३० मिमीचा असतो. "लेथवर भोक मोठं करून घेऊ" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. भोक जरा जरी बाजूला सरकलं तरी पातं थरथरतं.

२. शाफ्टची लांबी: संच चढवल्यावर नटाचे आटे पूर्ण बसले पाहिजेत. शाफ्ट आखूड असेल तर डॅडो चालणारच नाही. मशीनच्या माहितीपुस्तिकेत डॅडोला परवानगी आहे का, ते वाचा.

३. वेग आणि मोटर: पात्यावर छापलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. रुंद खाचेला मोटरवर जोर येतो. छोट्या मशीनवर खाच दोन-तीन टप्प्यांत खोल करावी लागते.

४. धार: दात कार्बाइडचे आहेत का? पूर्ण संचाला एकत्रच धार लावावी लागते, नाहीतर खाचेचा तळ खालीवर होतो. अशी धार लावणारा तालुक्यात आहे का, ते आधीच विचारा.

५. सुरक्षा: डॅडो लावताना बहुतेक मशीनवरचं झाकण आणि पात्यामागची उभी पट्टी काढावी लागते. म्हणजे धोका वाढतो. पातं बदलताना प्लग काढलेला हवा. लाकूड हाताने नाही, ढकलण्याच्या ठोकळ्याने सरकवायचं. पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या काढलेल्या. हातमोजे घालायचे नाहीत, ते पात्यात ओढले जातात.

आता हिशेब
समजा, संच सूट धरून ७,२०० रुपयांना आणि टेबलावरची रुंद फटीची प्लेट ८०० रुपयांना. एकूण ८,०००. एका खाचेमागे ४ मिनिटं वाचतात आणि ताईंच्या कामाचा दर तासाला ६० रुपये धरला.

महिन्याला १५० खाचा असतील तर १० तास वाचले, म्हणजे ६०० रुपये. पैसे साधारण १४ महिन्यांत निघतील. पण खाचा ३० च असतील तर महिन्याला फक्त १२० रुपये वाचतात. पैसे निघायला साडेपाच वर्षं! खरेदी कर्जातून असेल तर व्याज वेगळंच.

आपले आकडे घालून बैठकीत हा हिशेब मांडा. किती सूट मिळाली यापेक्षा आपलं काम किती आहे, ते महत्त्वाचं. काम कमी असेल तर साध्या पात्याने फेऱ्या मारा किंवा त्या फळ्या ओळखीच्या सुताराकडून मजुरीवर खाचून घ्या. काम भरपूर असेल आणि वरच्या पाचही गोष्टी जुळत असतील तर जरूर घ्या. पण आधी ठराव करा, दोन-तीन दुकानांची दरपत्रकं मागवा, पक्कं बिल आणि परत करण्याची मुदत लिहून घ्या.

आणि ताई, "आजच शेवटचा दिवस" ऐकून घाबरू नका. सूट पुन्हा येते. गेलेलं बोट परत येत नाही.