काळी माती स्वतःला नांगरते!

मे महिन्यात केळापूर तालुक्यातल्या एखाद्या भारी जमिनीच्या वावरात जा. पांढरकवड्याच्या आसपास अशी वावरं हवी तेवढी सापडतील. पऱ्हाटी उपटून झालेली असते, ऊन मी म्हणत असतं आणि जमीन जिकडेतिकडे उकललेली असते. भेगाच भेगा! एखाद्या भेगेत वाळलेली तुऱ्हाटी सोडून बघा, हातभर आत जाते. बोटं मात्र घालू नका हं. दुपारच्या वेळी विंचूही तिथेच सावलीला बसतो.

बिचारी जमीन तहानेने फाटली, असं आपल्याला वाटतं. पण खरं सांगू? ही भेग म्हणजे या मातीचा नांगर आहे!

कसा, ते बघू. काळ्या मातीत चिकणमातीचे कण भरपूर असतात. हे कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक, नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाहीत. त्यातल्या मुख्य खनिजाचं नाव माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या माँटमोरियाँ गावावरून ते 1847 साली पडलं, पण हे खनिज आपल्या वावरातही ढिगाने आहे. त्याचा प्रत्येक कण चपट्या पापुद्र्यांचा बनलेला असतो. पाऊस पडला की पाणी या पापुद्र्यांच्या मधोमध शिरतं, पापुद्रे एकमेकांपासून सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि माती आकसते. आकसायचं तर सगळीकडून, पण वावर काही धुऱ्यापासून सुटून आत सरकू शकत नाही. मग ते जागोजागी तडकतं.

या पापुद्र्यांची गंमत आकड्यांत ऐका. या खनिजाच्या फक्त एक ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून पसरले, तर सुमारे 700 चौरस मीटर जागा लागेल. म्हणजे कबड्डीची पाच मैदानं! तेही चिमूटभर खनिजातून! एवढ्या सगळ्या पृष्ठभागाला पाणी चिकटून राहतं. म्हणूनच पाऊस गेल्यावरही कोरडवाहू कपाशी दिवाळीनंतर बोंडं फोडत उभी राहते.

आता नांगराकडे येऊ. भेग पडली की वरची भुसभुशीत माती तिच्यात घसरते. थोडी वाऱ्याने, थोडी गुरांच्या खुरांनी, थोडी पहिल्या सरीने. मग मृगाचा पाऊस मुरतो आणि खालची माती फुगू लागते. पण भेगेत आता वरून आलेली जास्तीची माती बसलेली! जागा पुरत नाही. मग मातीचे मोठाले ढेपळे एकमेकांना रेटत तिरके वर सरकतात. वरचं खाली, खालचं वर. दरवर्षी थोडं थोडं, हजारो वर्षं. मृदाशास्त्रज्ञ खोल खड्डा खणून तपासतात, तेव्हा या सरकण्याचा पुरावा त्यांना खड्ड्याच्या भिंतीत दिसतो. ढेपळे घासले गेले तिथे मातीला चक्क चकाकी आलेली असते. घासल्याच्या बारीक रेघाही असतात.

मातीच्या या स्वभावाचा त्रासही होतो. उघड्या भेगेतून ओल उडून जाते आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून पिकात डवरा फिरवतात. वरची माती मोकळी झाली की भेगांची तोंडं बुजतात. उलट पाऊस फार झाला तर मातीतली हवाच संपते, जमीन चिबडते आणि कपाशी पिवळी पडते. घर बांधताना तर ही माती खोदून खाली मुरमापर्यंत पाया न्यावा लागतो, नाहीतर तिच्या फुगण्या-आकसण्याने भिंती तडकतात.

ही माती आली कुठून? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. त्याचा काळा पाषाण झाला आणि तो ऊन-पावसात झिजून-कुजून ही माती तयार झाली. आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. शेजारच्या झरी-जामणी तालुक्यात शिबला गावाजवळ याच पाषाणाचे कोनाकोनांचे खांब आहेत. कुणीही कोरलेले नाहीत! तापलेला लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या, त्यातून ते खांब झाले. दगडाने थंड होताना जे केलं, तेच त्याची माती वाळताना करते.

मग करून बघायचं? वावरातली काळी माती चाळा, पाणी घालून चिखल करा आणि पसरट थाळीत बोटभर जाडीचा थर द्या. दुसऱ्या थाळीत निम्मी वाळू मिसळा. दोन्ही उन्हात ठेवा. कुठल्या थाळीत भेगा जास्त पडतील, ते आधीच वहीत लिहून ठेवा. वाळल्यावर कडेला किती फट पडली, ती पट्टीने मोजा.

पुढचा भाग चिकाटीचा आहे. काळ्या मातीच्या थाळीत भेगा एकमेकींना कुठे भेटतात, ते नीट बघा. बऱ्याच भेगा काटकोनात येऊन धडकलेल्या दिसतील. त्यांचं चित्र काढा. आता माती न ढवळता हलकेच पाणी शिंपडा, मुरू द्या, पुन्हा वाळवा. असं पुष्कळ वेळा करा आणि दर वेळी नवं चित्र काढा. शास्त्रज्ञांना अशा प्रयोगात दिसलं, की काटकोन हळूहळू बदलत जातात आणि तीन भेगा सारख्या कोनांनी एका बिंदूत भेटू लागतात, अगदी दगडी खांबांच्या कोपऱ्यांत भेटतात तशा. तुमच्या थाळीत हा बदल कितव्या वाळवणीला दिसायला लागला, तेवढं चित्राखाली लिहायला विसरू नका.