जुन्या अंगरख्यातली नवी सायकल

माणसाची तऱ्हा मोठी गमतीची आहे. घरात जुनी वस्तू असते तेव्हा ती त्याला अडगळ वाटते. आणि एकदा ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली, की अगदी तशीच दिसणारी नवी वस्तू विकत घेण्यासाठी तो दुकानाची पायरी चढतो. सागवानी झोपाळ्यांचे तसे झाले, पितळी दिव्यांचे झाले. आता पाळी आली आहे सायकलीची.

गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांच्या रस्त्यांवर एक नव्याच थाटाची सायकल दिसू लागली आहे. गडद हिरवा किंवा काळाभोर रंग, बारीक पोलादी नळ्या, कातडी सीट, पुढे वाटोळा दिवा, चेनवर पूर्ण झाकण, मडगार्डवर सोनेरी रेघ. आजोबांच्या लग्नातल्या फोटोतून उतरून आल्यासारखी! पण चौकशी करावी तर ती गेल्याच वर्षी घडवलेली निघते. दिवा दिसतो जुना, पण आत बल्ब नाही, एलईडी आहे. टायरला घासून घूंऽऽ करणारी डायनॅमोची बाटली नाही; डायनॅमो पुढल्या चाकाच्या हबातच निमूटपणे फिरत असतो.

हे सारे नुसते सोंग आहे की यात काही अर्थ आहे, असा प्रश्न कोणालाही पडावा. मला तो पडला तो माझ्या धंद्यामुळेही. मी मराठी शिकवतो. जुन्या रूपाच्या नव्या वस्तू आमच्या भाषेतही आहेत. ‘महापौर’ हा शब्द ऐकताना तो थेट प्राचीन नगरीतून आला असावा असे वाटते. पण तो सावरकरांनी विसाव्या शतकात घडवला. तो टिकला तो जुना दिसतो म्हणून नव्हे, तर सुटसुटीत आहे आणि काम चोख करतो म्हणून. नुसता जुना मुखवटा चढवलेले किती तरी शब्द परिभाषाकोशांच्या पानांतच निजून राहिले. सायकलीलाही हीच कसोटी लावून पाहावी, असे माझ्या मनाने घेतले.

रूप ठरले कधी?

सायकलीचे रूप ठरले तेच मुळी फार लवकर. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल तयार केली. त्याआधीच्या सायकलीचे पुढले चाक पुरुषभर उंचीचे, आणि बसणारा त्याच्या माथ्यावर. खड्डा आला की स्वारी तोंडघशी! स्टार्लीने दोन्ही चाके जवळजवळ सारखी केली आणि पायडलाची शक्ती चेनने मागल्या चाकाला दिली. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्ट येथे डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पुढे थोड्याच वर्षांत चौकटही आजच्यासारखी झाली. म्हणजे आपण जिला ‘जुन्या पद्धतीची’ म्हणतो ती रचना आजही जगातल्या बहुतेक सायकलींची रचना आहे. बदलले ते धातू आणि सांधे.

जुन्या सायकलीच्या नळ्या बारीक का? डौलासाठी नव्हे, पोलाद ताठ असते म्हणून. ॲल्युमिनियम हलके खरे, पण त्याचा ताठपणा पोलादाच्या साधारण एकतृतीयांश. तेव्हा ॲल्युमिनियमची सायकल लवू नये म्हणून तिच्या नळ्या जाड कराव्या लागतात. अलीकडच्या सायकली अंगाने भरलेल्या दिसतात त्याचे हे कारण. तसेच सांध्यांचे. जुन्या चौकटीत दोन नळ्या जिथे भेटतात तिथे पोलादाचे एक कोंदण असते. त्याला ‘लग’ म्हणतात. नळ्या त्यात बसवून पितळेने किंवा चांदीमिश्रित धातूने सांधा भरतात. पुन्हा तापवले तर तो सुटतो. म्हणजे वाकलेली नळी काढून दुसरी घालता येते. लगांच्या कडा कारागीर नक्षीदार कापीत, ती हौस; पण मुळात लग आला तो मजबुतीसाठी.

चेनवरचे झाकण धोतराच्या सोग्यासाठी आणि साडीच्या पदरासाठी. उंच हँडल ताठ बसून चारही बाजूंचा रस्ता दिसावा म्हणून. एकूण काय, ज्याला आपण ‘रूप’ म्हणतो त्यातल्या रेघेरेघेमागे एकेक कारण उभे आहे.

एक सूर्य, चार ग्रह

हे कारण जाणून जुन्या घाटाच्या सायकली करणारे कारखाने आजही आहेत. इंग्लंडमध्ये शेक्सपियरच्या गावी, म्हणजे स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथे, पॅशले नावाचा कारखाना आहे. १९२६ मध्ये बर्मिंगहॅमला सुरू झालेल्या या कारखान्याने ब्रिटिश टपालखात्याच्या पोस्टमनांसाठीही सायकली पुरवल्या. ‘गव्हर्नर’ हे त्यांचे एक लाडके वाण १९३० च्या सुमाराच्या त्यांच्याच शर्यतीच्या सायकलीवर बेतलेले आहे. तिची चौकट रेनॉल्ड्स ५३१ या पोलादाची. हे पोलाद बाजारात आले १९३५ साली! ब्रेक मात्र हबाच्या आत झाकलेले. हा बदल फार शहाणपणाचा. जुन्या चकचकीत पोलादी रिमवर पावसात ब्रेक कसा ‘लागत नाही’ याचा अनुभव आमच्या वडिलांच्या पिढीने पुण्याच्या उतारांवर पुरेपूर घेतला आहे.

अशा सायकलींच्या मागल्या चाकात बहुधा स्टर्मी-आर्चरचा तीन गियरांचा हब असतो. बाहेरून तो जाडसर डबीसारखा दिसतो. आत मात्र एक छोटी सूर्यमाला नांदत असते. मध्ये आसाला पक्के बसवलेले वीस दात्यांचे चक्र, तो सूर्य. त्याभोवती फिरणारी चार लहान चक्रे, ते ग्रह. या साऱ्यांना वेढणारे साठ दात्यांचे कडे. चेनचा जोर कड्याला द्यायचा की ग्रहांना, आणि चाकाने तो कोणाकडून घ्यायचा, एवढ्या अदलाबदलीवर तीन वेग मिळतात: सरळ, त्याच्या पाऊणपट आणि त्याच्या सव्वापटीहून थोडा जास्त, म्हणजे चारतृतीयांश. १९३६ मध्ये निघालेली ही रचना अजून चालू आहे. मात्र ती इंग्लंडमध्ये बनत नाही. नॉटिंगहॅमची ती कंपनी २००० साली बुडाली आणि तैवानच्या सनरेस कंपनीने ती घेतली. अस्सल ‘इंग्रजी’ हब आता पूर्वेकडून येतो. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स घराण्याने १८८२ मध्ये पेटंट घेतलेली कातडी सीट अजून बर्मिंगहॅमजवळच शिवली जाते. पण मालक २००२ पासून इटालियन आहेत. तेव्हा शुद्ध जातिवंतपणाचा अभिमान इथेही फारसा परवडत नाही.

इटलीचा विषय निघालाच आहे, तर ‘एरोइका’बद्दल सांगितले पाहिजे. तोस्काना प्रांतातल्या गायोले इन् किआंती या गावी १९९७ पासून जुन्या सायकलींची ही फेरी निघते. या भागातले पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा तिचा एक हेतू. नियम कडक आहेत. सायकल १९८७ पूर्वीची हवी, गियरच्या दांड्या चौकटीच्या खालच्या नळीवर हव्यात, ब्रेकच्या तारा हँडलच्या वरून मोकळ्या गेलेल्या हव्यात. पण इतक्या सोवळ्या मंडळींनीही एक दार उघडे ठेवले आहे. जुन्या पद्धतीने नव्याने बांधलेली पोलादी सायकल त्यांना चालते. बियांकीसारख्या १८८५ पासूनच्या कारखान्याने या फेरीसाठी मुद्दाम तशी सायकल काढलीसुद्धा. जन्मतारखेपेक्षा रीत महत्त्वाची, असाच याचा अर्थ नव्हे काय?

आणि आपली काळी सायकल?

यात खरी गंमत अशी की ज्या रोडस्टरसाठी लंडनचा हौशी माणूस भरपूर पौंड मोजतो, ती आपल्याकडे कधी मेलीच नव्हती. स्वातंत्र्यानंतर लगोलग असनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय., १९५१ मध्ये सोनपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो अशा कारखान्यांनी ती काळी, बावीस इंची, रॉडब्रेकची सायकल घरोघर पोचवली. शिक्षक, पोस्टमन, गिरणीकामगार, कारकून सारे तिच्यावरच. पुण्याला तर ‘सायकलींचे शहर’ हे नावच पडले. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली, आणि ही बिचारी दूधवाल्यांकडे व खेड्यांकडे सरकली. ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला. तो दिवस नेमका जागतिक सायकलदिनाचा! लुधियान्यात मात्र काळ्या रोडस्टर अजून बनतात.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी जुन्या घाटाची एक परदेशी सायकल घेतली. हिंजवडीला संगणकाच्या कचेरीत बसणारा हा मुलगा. मोटारीतून उतरून जिममध्ये सायकलीवर बसायचे आणि पुन्हा मोटारीत बसायचे, याचा त्याला कंटाळा आला होता. “मामा, निदान आठवड्यातून दोनदा तरी हिच्यावरून जाईन,” असे म्हणाला. महिन्याभरात पायडलाशी कटकट येऊ लागली. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तारीख मिळाली पंधरा दिवसांनंतरची. मी म्हटले, “चल आमच्या सायकलवाल्या काकांकडे.”

हे काका सत्तरीच्या पुढचे. पत्र्याची टपरी, हवेचा पंप, पाण्याचे घमेले आणि छताला टांगलेले रिकामे रिम. एकेकाळी या रस्त्यावर अशी पाच दुकाने होती. आता हे एकच. मुलगा रिक्षा चालवतो. त्याला या कामात रस नाही. काकांनी सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी केली, चाक फिरवले आणि एक डोळा मिटून पाहिले.

“आऊट नाही. चाक चांगलं बांधलंय, सर.” मग हब दिसताच त्यांचा चेहरा उजळला. “अहो, ही स्टर्मी! तरुणपणी कॅम्पात एका पारशी शेठच्या रॅलेत असला हब उघडला होता मी. पण तेलाचं भोक कुठं गेलं?”

भाच्याने सांगितले की आता आत ग्रीस भरूनच येते, तेल घालायचे नसते. काकांनी मान हलवली. ती पसंतीने की नाराजीने, कळले नाही. “दुसऱ्या गियरात टाक बाळ,” म्हणाले, आणि आसातून डोकावणारी बारीक साखळी दोन बोटांनी फिरवून त्यांनी गियर बसवून दिला. टायरवरचे आकडे वाचून तर ते हसलेच. “अठ्ठावीस दीड! हा तर आपल्या दूधवाल्याचा टायर. कुठंही मिळेल.”

घोडे अडले पायडलाच्या दांडीपाशी. जुन्या सायकलीत तिथे कॉटरपिन असते. हातोडीचा एक ठोका मारला की निघते. इथे पिन नव्हती, आणि आतली बेअरिंगची डबी बंद. ती खोलायला वेगळे अवजार लागते. “सर, वर्षानुवर्षं तिला हात लावायला नको हे खरं,” काका म्हणाले, “पण लावायची वेळ आली तर माझ्याकडे पाना नाही.”

भाच्याने तिथल्या तिथे मोबाइलवरून ती दोन अवजारे मागवली. आली तेव्हा काकांकडे घेऊन गेला, काम करून घेतले आणि अवजारे त्यांच्याच पेटीत ठेवून आला. “घरी नेऊन मी काय करणार, मामा?” आता त्या अवजारांवर काकांकडे शेजारच्या सोसायटीतल्या आणखी तीन-चार नव्या सायकली येतात.

विकत घेण्यापूर्वी

तेव्हा या दिवाळीत आपल्या घरी अशी सायकल येणार असेल, तर रंग आणि सोनेरी रेघ पाहून झाल्यावर दुकानदाराला थोडे खोदून विचारावे. टायर कोणत्या मापाचा आणि तो आपल्या गावात मिळतो का? चेनचे झाकण खरोखर चेन झाकते का, की नुसती पट्टी आहे? मडगार्ड पावसात पाठ कोरडी ठेवील का? सीटखाली कॅरिअर बसतो का? एलईडी दिवा, हबातला डायनॅमो, पावसात लागणारा ब्रेक हे नवे गुण आनंदाने घ्यावेत. जुन्याच्या प्रेमापायी गंजके रॉडब्रेक उराशी धरण्यात शहाणपण नाही. पण तपकिरी रेक्झिन आणि मलईच्या रंगाचे टायर एवढ्यावरच जुनेपणा संपत असेल, तर ती सायकल दिवाणखान्यात शोभेल, रस्त्यावर तिचे दिवस थोडे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर सायकल दुरुस्त करणारा कोणी आहे का, हे पाहावे. असेल तर पहिल्याच आठवड्यात नवी सायकल त्याला दाखवून आणावी. लागणारा पाना त्याच्याकडे नसेल, तर तो घेऊन द्यावा. जुनी सायकल पन्नास-पन्नास वर्षे चालली ती केवळ पोलादाच्या बळावर नव्हे. प्रत्येक नाक्यावर तिला उलटी करून पाहणारा एक माणूस बसलेला होता म्हणून. नळ्या, लग आणि कातडी सीट कारखान्यातून मागवता येतात. तो माणूस मात्र आपल्या गिऱ्हाइकीवरच टिकणार आहे.