भाड्याचं घर, लेखांक ४ : मदत आहे, पण करारपत्र कुठे आहे?

मागच्या लेखांकात आपण घरांच्या सरकारी योजना पाहिल्या. त्यांतली बहुतेक मदत घर विकत घेणाऱ्याला किंवा बांधणाऱ्याला मिळते. दर महिन्याला भाडं भरणाऱ्याच्या हातात थेट पैसे देणाऱ्या योजना महाराष्ट्रात मोजक्याच आहेत. त्यांतल्या ठळक योजना विद्यार्थ्यांसाठी आहेत, म्हणून या आठवड्यात लातूर.

लातूर हे २०११ च्या जनगणनेनुसार चार लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. दहावीचा निकाल लागला की नांदेड, हिंगोली, परभणी, बीड, धाराशिव अशा जिल्ह्यांतून मुलंमुली इथे यायला लागतात. कुणाला अकरावीला प्रवेश हवा असतो, कुणाला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे क्लास लावायचे असतात. अभ्यास करून घेण्याच्या इथल्या पद्धतीचं, म्हणजे ‘लातूर पॅटर्न’चं, नाव झालं आणि त्याबरोबर शहरात एक मोठा भाडेबाजार उभा राहिला. उद्योग भवनाच्या परिसराला लोक ‘ट्यूशन एरिया’च म्हणतात. आजूबाजूच्या घरांवर मजले चढले आणि हॉलमध्ये पार्टिशन पडली. अनेक ठिकाणी खोलीचं भाडं सांगतच नाहीत, कॉटचं सांगतात. जून-जुलैत गावाकडून आलेल्या बापाला दोन-तीन दिवसांत जागा ठरवून परतायचं असतं. मालक सांगेल तो आकडा आणि मागेल ती अनामत देऊन तो मोकळा होतो.

अशा मुलांपैकी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ आहे. ती २०१६-१७ मध्ये सुरू झाली. तिच्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. दहावीनंतर शिकणाऱ्या, पात्र असूनही सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला जेवण, निवास आणि निर्वाहासाठी सरकारने रोख रक्कम द्यायची. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये ठेवली गेली. वसतिगृह बांधायला वर्षं लागतात आणि मुलाची अकरावी तोवर थांबत नाही, हे या योजनेने ओळखलं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयं’ आणि इतर मागासवर्गीयांसाठी ‘सावित्रीबाई फुले आधार’ अशा योजनाही याच धर्तीवर आहेत.

‘स्वाधार’मधली निवासाची रक्कम ठरली ती अशी : मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला २०,००० रुपये, मधल्या गटातल्या शहरांत १५,००० आणि उरलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी १२,०००. शेवटच्या आकड्याला बारांनी भागलं की महिन्याला हजार रुपये येतात. शहर जितकं लहान तितकं भाडं कमी, हे गृहीत त्यामागे आहे. ढोबळमानाने ते बरोबरही आहे. पण लातूरची भाडी शहराच्या आकारावरून ठरत नाहीत, तिथल्या क्लासच्या नावावरून ठरतात. बारावीनंतर पुन्हा ‘नीट’ देण्यासाठी वर्षभर थांबलेल्या मुलाचा तर प्रश्नच वेगळा आहे. त्याचा कुठल्या महाविद्यालयात प्रवेश नसतो, त्यामुळे तो या मदतीबाहेर राहतो. भाडं मात्र त्यालाही तेवढंच पडतं.

रकमेइतकाच वेळेचा प्रश्न आहे. घरमालकाला पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागतात. योजनेची रक्कम अर्ज, छाननी आणि उपस्थितीचा दाखला या टप्प्यांतून बँक खात्यात येते. ती महिनोन्‌महिने रखडल्याच्या तक्रारी विद्यार्थी आणि त्यांच्या संघटना सतत करत आल्या आहेत. तोवर बाप उसनवारी करतो. वर्ष उलटून आलेली रक्कम भाड्याला लागत नाही, ती कर्जफेडीत जाते. आणि ज्याला उसने पैसेही मिळत नाहीत, तो मुलगा लातूरला येतच नाही. त्याची नोंद कुठल्याच यादीत होत नाही.

याहून कमी बोललं जातं ते करारपत्राबद्दल. मदत हवी तर राहण्याचा पुरावा लागतो आणि त्यात भाडेकरार मागितला जातो. लहान शहरांत बरेच व्यवहार तोंडी होतात. फार तर स्टॅम्प पेपरवर नोटरी. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर मालकाला तसं सिद्ध करावं लागतं. हे फार मोठं संरक्षण आहे आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या फार थोड्यांना ते ठाऊक आहे.

खर्च किती? समजा खोलीचं भाडं महिना ३,००० आणि करार ११ महिन्यांचा. एकूण ३३,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे शंभराच्या आसपास. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. करार ऑनलाइन करायचा तर थोडं हाताळणी शुल्क आणि मदतनीसाचे पैसे. दोघांत वाटला तर हा बोजा मोठा नाही. मालक टाळतात ते बहुधा उत्पन्न कागदावर येईल म्हणून, किंवा भाडेकरू कायमचा बसेल या जुन्या भीतीपोटी. ही भीती १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातली आहे. आजच्या कायद्यात कलम २४ नुसार मुदत संपल्यावर लायसन्सवर राहणाऱ्याला जागा सोडावीच लागते.

आणखी एक अडचण आहे. अकरावीतली मुलगी सोळा वर्षांची असते आणि कायद्याने तिला करार करता येत नाही. तो आईवडिलांच्या नावे करावा लागतो. ते तर पुन्हा गावी, शेतात किंवा ऊसतोडीला. करारच नसेल तर टँकरचे पैसे कोणी द्यायचे, अनामत कधी परत मिळणार, हे सगळं मालकाच्या शब्दावर राहतं. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे टँकरचा प्रश्न किरकोळ नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे. या योजनांतल्या विद्यार्थ्यांच्या करारांना नोंदणी फी माफ करावी. प्रवेशाच्या महिन्यात महाविद्यालयातच करार नोंदवण्याची सोय व्हावी, म्हणजे प्रवेशाला आलेल्या पालकाचा अंगठा तिथेच घेता येईल. निवासाचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबर द्यावा, छाननी नंतर चालू राहू द्यावी. निवासाची रक्कम त्या त्या शहरातल्या भाड्यांशी जोडावी आणि दरवर्षी तपासावी. नोंदणीकृत करार वाढले की खरी भाडी किती, हेही सरकारला त्याच नोंदींतून कळेल.

मात्र खोल्या तेवढ्याच ठेवून नुसती मदत वाढवली, तर वाढलेले पैसे मालकाकडे जातील, कारण मागणी त्याच कॉटसाठी असेल. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे आणि त्यात विद्यार्थ्यांचाही विचार केलेला आहे. महापालिकेला स्वतःच्या जमिनीवर अशा खोल्या बांधता येतील का आणि सुरत-चंडीगडमध्ये रिकामी सरकारी घरं भाड्याने देण्याचा प्रयोग कसा झाला, ते पुढच्या लेखांकात.