वेधशाळा, पर्वतशिखरांवरील : जलवायुमानातील बदलाचे परिणाम

प्रकाशीय व अवरक्त वेधांसाठी निवडलेल्या उंच शिखरांवरील जलवायुमान बदलल्यामुळे वेधांची गुणवत्ता व उपलब्ध वेधकाल यांवर होणाऱ्या परिणामांचे विवेचन येथे केले आहे.

शिखरावर दूरदर्शकाच्या वर असणारा हवेचा थर कमी जाडीचा, कोरडा व बहुधा ढगविरहित असतो. वेधस्थान ठरविताना ढग, वारा, आर्द्रता व प्रतिमेची स्थिरता यांच्या काही वर्षांच्या नोंदी पाहतात व पुढेही परिस्थिती तशीच राहील असे गृहीत धरतात. मोठ्या दूरदर्शकाची आखणी, उभारणी व वापर यांत अनेक दशके जातात. तेवढ्या काळात जलवायुमान बदलत असल्याने हे गृहीतक आता निःशंकपणे मानता येत नाही.

चिलीतील अटाकामा वाळवंटात सुमारे २,६३५ मी. उंचीवर असलेली पारानाल वेधशाळा हे याचे चांगले अभ्यासलेले उदाहरण होय. यूरोपीय दक्षिण वेधशाळेचे ८.२ मी. व्यासाचे चार दूरदर्शक येथे आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील सरासरी तापमान मागील चार दशकांत सुमारे १.५° से. ने वाढले आहे.

तापमान व संक्षोभ : भिन्न तापमानांचे हवेचे थर मिसळले की हवेचा प्रणमनांक ठिकठिकाणी व क्षणोक्षणी बदलतो आणि ताऱ्याची प्रतिमा पसरट व अस्थिर होते. दूरदर्शकाच्या घुमटातील हवा बाहेरच्या हवेहून उष्ण वा थंड असल्यासही हेच घडते. म्हणून दिवसा घुमट बंद ठेवून आतील हवा सूर्यास्तसमयीच्या अपेक्षित तापमानापर्यंत थंड करतात. पारानाल येथील शीतन यंत्रणा आखताना सूर्यास्ताचे तापमान क्वचितच १६° से. च्या वर जाईल असे मानले होते. ही मर्यादा ओलांडणारे दिवस आता वाढले आहेत. अशा दिवशी आतील व बाहेरील तापमानांतील तफावत पुरती नाहीशी करता येत नाही व रात्रीच्या आरंभीचे वेध बिघडतात.

स्रोतवारे : सुमारे १२ किमी. उंचीवरून वाहणारे अतिवेगवान वायुप्रवाह प्रतिमा झपाट्याने विकृत करतात. आरशाचा आकार सेकंदाला शेकडो वेळा बदलून ही विकृती काढता येते. पण वारा फार वेगवान असल्यास दुरुस्ती मागे पडते व ताऱ्याभोवती प्रकाशाचे वलय उरते. ताऱ्यालगतचे मंद ग्रह त्यात झाकले जातात. एल निनोच्या काळात पारानालवरील हे वारे अधिक प्रबळ होतात.

बाष्प : तापमान १° से. ने वाढल्यास हवेची बाष्पधारणक्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. बाष्प अवरक्त प्रारण शोषून घेते व स्वतःही ते उत्सर्जित करते. त्यामुळे अवरक्त वेधांना त्याची बाधा विशेष जाणवते. हवाईतील मौना केआ, पारानाल इ. आठ वेधस्थानांच्या २०२२ मधील अभ्यासात, २०५० पर्यंत या स्थानांचे तापमान व हवेतील बाष्प वाढेल आणि वेधकाल घटेल, असा अंदाज वर्तविला आहे.

वणवे : उष्ण व कोरड्या ऋतूंमुळे वणव्यांना अनुकूल परिस्थिती वाढते; मात्र एखादा विशिष्ट वणवा केवळ जलवायुमानातील बदलामुळेच लागला, असे म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियातील मौंट स्ट्रॉम्लो वेधशाळेचे दूरदर्शक व कर्मशाळा जानेवारी २००३ मध्ये भस्मसात झाल्या. २०१३ मध्ये सायडिंग स्प्रिंग व २०२२ मध्ये अमेरिकेतील किट पीक येथे काही इमारती जळाल्या, परंतु दूरदर्शक बचावले.

उपाय : शीतन यंत्रणेची क्षमता वाढविणे, त्या रात्रीच्या हवेस अनुरूप वेधकार्यक्रम निवडणे व दुरुस्तीची गती वाढविणे हे उपाय शक्य आहेत. वाढलेले बाष्प मात्र यंत्राने दूर करता येत नाही. पारानालजवळच्या आर्माझोनेस शिखरावर ३९ मी. व्यासाचा दूरदर्शक उभारण्याचे काम २०१४ मध्ये सुरू झाले. तो अनेक दशके वापरावयाचा आहे. अशा साधनांच्या बाबतीत पूर्वीच्या नोंदींबरोबर भावी जलवायुमानाचे अंदाजही विचारात घेणे आवश्यक ठरते.