एटीव्हीच्या प्लास्टिक आवरणाची दुरुस्ती: ओरखडे आणि विटलेला रंग

लखनौमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीची ‘विजय सुपर’ स्कूटर तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिचे अंग पत्र्याचे होते. ओरखडा पडला की गॅरेजवाला लांबी भरून, घासून, वर रंग मारत असे. आज खडकाळ वाटेवर चालणाऱ्या चारचाकी एटीव्हीचे मडगार्ड आणि बाजूची आवरणे प्लास्टिकची असतात. त्यांच्यावर हाच जुना उपाय केला, तर रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. असे का होते आणि मग काय करावे, हे या पाठात पाहू.

१. रंग कुठे असतो?

पत्र्यावरचा रंग हा वेगळा थर असतो. एटीव्हीची आवरणे मात्र बहुधा पॉलिप्रॉपिलीन (पीपी) किंवा उच्च घनतेच्या पॉलिथिलीनची (एचडीपीई) असतात आणि रंगद्रव्य प्लास्टिकमध्येच मिसळून ती साच्यात घडवतात. म्हणजे ओरखड्याच्या तळाशीही तोच रंग असतो. मग ओरखडा पांढरा का दिसतो? कारण त्याच्या खडबडीत कडांवरून प्रकाश विखुरतो. ओरखड्यावर पाणी लावून पाहा. ओला असताना पांढरेपणा गेला, तर दोष फक्त पृष्ठभागाचा आहे. तेल किंवा सिलिकॉन पॉलिशही मुख्यतः हेच काम करते, म्हणून धुतल्यावर किंवा काही दिवसांनी परिणाम ओसरतो.

२. ऊन काय करते?

लखनौमध्ये मे-जूनमध्ये तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पण नुकसानीची सुरुवात होते ती सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे. उष्णता त्याचा वेग वाढवते. पीपीच्या साखळीतील तृतीयक कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. तेथे हवेतील ऑक्सिजन जोडला जातो आणि पुढे साखळी तुटते. पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्यावर सूक्ष्म भेगा पडतात आणि पांढुरकी झाक येते. छतावरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या उन्हात टिकतात, कारण त्यांतील काजळी अतिनील किरण शोषून घेते.

लक्षात ठेवा: तुटलेल्या साखळ्या पॉलिशने किंवा उष्णतेने पुन्हा जुळत नाहीत. आपण खराब थर काढतो किंवा गुळगुळीत करतो, इतकेच.

३. आधी प्लास्टिक ओळखा

आवरणाच्या आतल्या बाजूस पीपी, एचडीपीई, एबीएस अशी खूण उमटवलेली असते, ती शोधा. खूण नसेल तर एक तुकडा पाण्यात टाका. शुद्ध पीपी (घनता सुमारे ०.९) आणि एचडीपीई (सुमारे ०.९५) तरंगतात; एबीएस (सुमारे १.०५) बुडते. भुकटी मिसळलेले पीपीही बुडू शकते, म्हणून ही चाचणी अंतिम मानू नका.

४. कृती (पीपी आणि एचडीपीईसाठी)

१) आवरण वाहनावरून पूर्ण उतरवा. इंधनाच्या टाकीजवळ हीटगन कधीही चालवू नका.
२) साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करा.
३) ओरखड्याच्या उभ्या राहिलेल्या कडा ब्लेड आडवे ओढून खरवडा.
४) पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ४००, ८००, १५०० या क्रमाने घासा. ओले घासल्याने धूळ उडत नाही.
५) हे प्लास्टिक मऊ असल्याने घासल्यावर बारीक रोवे उठतात. हीटगन सतत हलती ठेवून पृष्ठभाग चमकेपर्यंतच तापवा. एचडीपीई सुमारे १३० अंशांना, तर पीपी सुमारे १६० ते १६५ अंशांना वितळते. एका जागी थांबलात तर आवरण वाकेल. आधी आतल्या बाजूवर सराव करा.
६) शेवटी अतिनील किरणांपासून बचाव करणारे प्लास्टिकसाठीचे द्रव्य लावा आणि वाहन सावलीत ठेवा.

एबीएसवर हीटगन टाळा. ते घासून पॉलिश करता येते आणि त्यावर रंगही बसतो.

५. रंग का धरत नाही?

पीपीची पृष्ठीय ऊर्जा कमी, सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर असते. त्यामुळे रंग त्यावर नीट पसरत नाही, पाण्याचेही थेंब होतात. रंगवायचेच असेल, तर आधी पीपीसाठी बनवलेला प्रायमर लावावा लागतो किंवा पृष्ठभागावरून ज्योत झपाट्याने फिरवावी लागते. दुसरे काम प्रशिक्षित माणसाचेच.

६. केव्हा थांबावे?

मडगार्ड चाकाने उडवलेले दगड-माती अडवते. कोपरा हलकेच वाकवून पाहा. तडतड आवाज आला किंवा भेगांचे जाळे दिसले, तर ठिसूळपणा खोलवर गेला आहे. असे मडगार्ड चमकवले तर ते नव्यासारखे दिसेल, पण दगड बसताच फुटेल. ते बदलणेच योग्य. एखादीच लहान भेग असेल, तर तिच्या टोकाला छोटे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे पसरत नाही. मग त्याच प्लास्टिकच्या कांडीने ती वेल्ड करावी.

स्वाध्याय

१) पत्र्याची आणि पीपीची दुरुस्ती यांतील मूलभूत फरक सांगा.
२) हीटगनने रंग परत आल्यासारखा दिसतो, तरीही ही दुरुस्ती कायमची का नाही?
३) तुमच्या परिसरातील उन्हात ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची तपासा. सावलीतल्या आणि उन्हातल्या भागांत कोणता फरक दिसतो, तो कारणासह लिहा.